बाष्प स्वच्छता

बाष्प स्वच्छता (प्रचलित नावे: वाफेची धुलाई, स्टीम वॉश) ही दाबाखालील वाफेचा झोत पृष्ठभागावर सोडून तेथील तेलकट, चिकट किंवा वाळलेला मळ सैल करण्याची आणि तो फडक्याने, ब्रशने किंवा शोषक यंत्राने उचलून घेण्याची पद्धत आहे. वाहने, कारखान्यांतील यंत्रे, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे, दुग्धशाळा, रुग्णालये आणि निवासी हॉटेले यांच्या व्यावसायिक साफसफाईत तिचा वापर होतो. नळीने किंवा उच्चदाब पंपाने धुण्याच्या तुलनेत या पद्धतीत जागेवर फार थोडे पाणी लागते आणि सांडपाणीही थोडेच निर्माण होते. त्यामुळे पाणीटंचाईच्या प्रदेशांत तिचा विशेष विचार केला जातो.

या पद्धतीत पाण्याने करावयाच्या कामाचा मोठा भाग उष्णता करते. म्हणून वाचलेल्या पाण्याची किंमत इंधनाच्या किंवा विजेच्या रूपाने मोजावी लागते. ही वीज जेथे तयार होते तेथेही बहुधा पाणी खर्च होत असते. बाष्प स्वच्छतेने नेमके किती पाणी वाचते, हे ठरवताना धुण्याची जागा, फडकी धुण्याचे पाणी आणि ऊर्जेचा उगम या तिन्ही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात.

## संज्ञा आणि प्रकार

व्यवहारात 'प्रेशर वॉशर' आणि 'स्टीम वॉश' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात दाबाने स्वच्छता करणाऱ्या यंत्रांचे पुढील प्रकार पडतात.

* थंड पाण्याचे उच्चदाब यंत्र : पंपाने पाण्याचा दाब सुमारे १०० ते १५० बारपर्यंत वाढवून ते अरुंद तोटीतून सोडले जाते. मळ निघतो तो पाण्याच्या आघाताने. वाहने धुण्याच्या बहुसंख्य केंद्रांवर हेच यंत्र दिसते.
* गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र : याच यंत्राला डिझेलवर चालणारा तापक जोडलेला असतो. पाणी उकळीच्या खालच्या तापमानाला, म्हणजे साधारणतः ६० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत, तापवले जाते. ग्रीस व वंगण काढण्यासाठी ते उपयुक्त ठरते.
* वाफेची सोय असलेले गरम पाण्याचे यंत्र : प्रवाह व दाब कमी करून पाणी १०० अंशांच्या वर तापवले जाते. तोटीतून बाहेर पडताच त्याच्या काही भागाची वाफ होते. उरलेले पाणी थेंबांच्या रूपात राहते.
* बाष्पयंत्र : यात पाण्याचे वाफेत रूपांतर बाष्पकातच (बॉयलरमध्ये) होते आणि साधारणतः ४ ते १० बार दाबाची वाफ नळीवाटे कामाच्या जागी नेली जाते. पाण्याची खरी बचत होते ती या प्रकारात. या लेखाचा मुख्य विषयही हाच प्रकार आहे.

दाबाचे आकडे पाहता बाष्पयंत्र थंड पाण्याच्या यंत्रापेक्षा दुबळे वाटण्याचा संभव आहे. परंतु दोहोंची कार्यपद्धती भिन्न आहे. पहिले यंत्र मळावर आघात करते, दुसरे मळाला वितळवते.

## इतिहास

वाफेने भांडी व कापड शुद्ध करण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्राचा पाया घातला जात असताना, कोरड्या गरम हवेपेक्षा वाफ जंतूंचा नाश अधिक लवकर करते, हे रॉबर्ट कॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवले. रुग्णालयांतील निर्जंतुकीकरणाची उपकरणे याच तत्त्वावर विकसित झाली. दुग्धव्यवसायात दुधाचे कॅन वाफेच्या झोतावर उपडे धरून शुद्ध करण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे.

फिरते बाष्पयंत्र विसाव्या शतकात आले. अमेरिकेतील फ्रँक ओफेल्ट यांनी १९२०च्या दशकात वाफ व दाब यांचा मेळ घालणारे धुलाईयंत्र तयार केले. ते 'जेनी' या नावाने प्रसिद्ध झाले. जर्मनीतील कार्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र बाजारात आणले आणि युरोपात या उद्योगाला चालना मिळाली. पुढे लहान आकाराचे बाष्पक, विद्युत नियंत्रणे आणि सूक्ष्मतंतूंची (मायक्रोफायबर) फडकी उपलब्ध झाल्यावर थोड्या वाफेत स्वच्छता करणे व्यावसायिकदृष्ट्या शक्य झाले.

## शास्त्रीय तत्त्व

### अप्रकट उष्मा

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. २५ अंशांचे पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास त्यामुळे सुमारे ३१४ किलोज्यूल पुरतात. परंतु १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करण्यास आणखी सुमारे २,२५७ किलोज्यूल द्यावे लागतात. तापमापीत न दिसणाऱ्या या उष्णतेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात.

वाफ थंड पृष्ठभागाला स्पर्श करून पुन्हा पाणी होते तेव्हा हा सारा उष्मा त्या पृष्ठभागाला परत मिळतो. एक ग्रॅम पाणी ९० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना सुमारे २०९ ज्यूल उष्णता देते. तेवढीच वाफ केवळ पाणी होताना त्याच्या दहापटीहून अधिक उष्णता देते. इडलीपात्राच्या झाकणाखालून आलेल्या वाफेने हात उकळत्या पाण्यापेक्षा अधिक भाजतो, त्याचे कारणही हेच होय. थोड्या वजनात पुष्कळ उष्णता वाहून नेण्याचा हा गुण बाष्प स्वच्छतेतील पाणीबचतीचे मूळ आहे.

### दाब आणि कोरडी वाफ

दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. घरगुती कुकरमध्ये वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे एक बार अधिक दाब असतो व पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. बाष्पयंत्रातील दाबमापक ५ बार दाखवत असेल तर वाफेचे तापमान सुमारे १५९ अंश, आणि ८ बार दाखवत असेल तर सुमारे १७५ अंश असते.

बाष्पकातून निघणाऱ्या वाफेत पाण्याचे सूक्ष्म थेंब मिसळलेले असतात. असे थेंब अत्यल्प असलेल्या वाफेला 'कोरडी वाफ' म्हणतात. अधिक दाबाची वाफ तोटीतून मोकळ्या हवेत येताना तिच्यातील जादा उष्णतेने काही थेंबांचेही बाष्पन होते, म्हणून ती अधिक कोरडी होते. गाद्या, आसने किंवा विजेच्या यंत्रांजवळचा भाग स्वच्छ करण्यासाठी ही बाब महत्त्वाची ठरते.

तोटीबाहेर पडलेली वाफ हवेत मिसळताच झपाट्याने थंड होते. यंत्रात १७५ अंशांची वाफ असली तरी तोटीपासून काही सेंटिमीटरांवर झोताचे तापमान १०० अंशांच्या खाली आलेले असते. तोटी पृष्ठभागाच्या जवळ धरून सावकाश फिरवावी, असे कामगारांना शिकवले जाते ते यामुळेच.

### सिनरचे वर्तुळ

जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये स्वच्छतेचे चार घटक मांडले : रसायन, यांत्रिक क्रिया, तापमान आणि वेळ. यांतील एक घटक कमी केल्यास ती उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते. कपडे धुताना साबण कमी पडला की घासणे वाढते, हे त्याचे परिचित उदाहरण. बाष्प स्वच्छतेत तापमान वाढवल्यामुळे रसायन व आघात कमी पुरतात. वेळ मात्र बहुधा वाढतो.

पाण्याची या व्यवहारात आणखी एक भूमिका असते. ते सुटलेला मळ वाहून नेते. वाफ मळ सैल करते, परंतु तो वाहून नेण्याइतके पाणी तिच्यात नसते. हे वहनाचे काम फडक्याकडे किंवा शोषक यंत्राकडे जाते. फडके वापरले नाही तर सैल झालेला मळ थंड होऊन पुन्हा तेथेच चिकटतो.

### जंतुनाश

वाफेच्या उष्णतेने बहुतेक सामान्य जीवाणू व बुरशी नष्ट होतात. मात्र त्यासाठी झोत पुरेसा वेळ त्याच जागी राहणे आवश्यक असते. तोटी भरभर फिरवल्यास पृष्ठभाग तापत नाही. काही जीवाणूंची बीजाणू अवस्था १०० अंशांनाही तग धरते. रुग्णालयातील निर्जंतुक पात्रात (ऑटोक्लेव्ह) दाबाखाली १२१ अंशांना सुमारे १५ मिनिटे ठेवून तिचा नाश करतात. म्हणून मोकळ्या जागेतील वाफेच्या धुलाईला निर्जंतुकीकरण म्हणणे शास्त्रदृष्ट्या योग्य नाही.

## यंत्राची रचना

व्यावसायिक बाष्पयंत्रात पाण्याची टाकी, पाणी बाष्पकात ढकलणारा पंप, बाष्पक, दाबमापक, दाबनियंत्रक, सुरक्षा झडप (सेफ्टी व्हॉल्व्ह), उष्णतारोधक नळी आणि पिस्तुलाच्या आकाराची तोटी (गन) हे भाग असतात. काही यंत्रांना वाफेबरोबर किंचित गरम पाणी सोडण्याची सोय असते. चिखलाने माखलेल्या वाहनासाठी तिचा उपयोग होतो.

यंत्राची क्षमता त्याला मिळणाऱ्या ऊर्जेवरून ठरते. २५ अंशांच्या एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,५७० किलोज्यूल, म्हणजे ०.७ युनिटहून किंचित अधिक वीज लागते. घरातील जाड पिनेच्या सॉकेटवर चालणारे ३ किलोवॉटचे यंत्र त्यामुळे तासाला जेमतेम ४ लिटर पाण्याची वाफ करू शकते. एवढ्याने ओटा किंवा मोटारीच्या आतील आसने स्वच्छ होतात. ट्रक होत नाही. मोठ्या कामासाठी त्रिकला (थ्री फेज) वीजजोडणी किंवा डिझेल अथवा एलपीजीवर चालणारा बाष्पक लागतो.

पाण्याची प्रत हा देखभालीतील कळीचा मुद्दा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बाष्पकाच्या आतल्या भिंतीवर थर धरतात. हा थर उष्णतेचा दुर्वाहक असल्याने इंधन अधिक जळते आणि अरुंद नळ्या कालांतराने बंद पडतात. क्षार रोखण्यासाठी पाणी मृदू करणारे उपकरण (सॉफ्टनर) बसवतात आणि बाष्पकाच्या तळाशी साचलेले क्षारयुक्त पाणी ठरावीक काळाने सोडून देतात. सॉफ्टनर मिठाच्या द्रावणाने धुऊन पुन्हा कार्यक्षम करावा लागतो. हे पाणीही एकूण खर्चात धरणे आवश्यक आहे. पाणी शुद्धीकरणाच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी फरशी पुसण्यास चालते. बाष्पकात मात्र ते वापरता येत नाही, कारण त्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्याहून अधिक असते.

## पाण्याचा हिशेब

एका मध्यम आकाराच्या मोटारगाडीची बाहेरील धुलाई हे उदाहरण घेतल्यास निरनिराळ्या पद्धतींची तुलना पुढीलप्रमाणे करता येते. येथील प्रवाह व वेळ हे तुलनेसाठी धरलेले आहेत. गाडीची अवस्था, तोटीचा आकार आणि कामगाराचे कौशल्य यांनुसार ते बदलतात.

| पद्धत | धरलेले प्रमाण | पाणी |
|---|---|---|
| उघडी नळी | मिनिटाला १५ लिटर, १० मिनिटे | १५० लिटर |
| थंड पाण्याचे उच्चदाब यंत्र | मिनिटाला १० लिटर, ६ मिनिटे | ६० लिटर |
| बादली व फडके | १५ लिटरच्या ३ बादल्या | ४५ लिटर |
| बाष्पयंत्र | मिनिटाला ०.४ लिटर, २० मिनिटे | ८ लिटर |
| बाष्पयंत्र, फडकी धुण्याचे १२ लिटर धरून | वरीलप्रमाणे | २० लिटर |

उघड्या नळीचे १५० लिटर किती, याची कल्पना पाणीपुरवठ्याच्या निकषांवरून येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचा निकष ठेवला आहे. एक गाडी नळीने धुण्याचे पाणी म्हणजे खेड्यातील जवळजवळ तीन माणसांच्या एका दिवसाचे पाणी होय.

या सारणीतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. बचतीचा सर्वांत मोठा टप्पा नळी बंद करण्याचा आहे, आणि तो साध्या बादलीनेही गाठता येतो. बादलीच्या तुलनेत वाफेची आघाडी लहान आहे. तिचे वैशिष्ट्य दिसते ते तेलकट मळ काढण्यात, साबणाशिवाय काम होण्यात आणि जमीन कोरडी राहण्यात.

## ऊर्जेचा हिशेब

वरील उदाहरणातील ८ लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५.७ युनिट ऊर्जा लागते. डिझेलच्या बाष्पकाची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ११ लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे एका गाडीला सुमारे पाऊण लिटर डिझेल जळते आणि दोन किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

यंत्र विजेवर चालत असेल तर धूर कामाच्या जागी दिसत नाही, परंतु तो आणि पाणी दोन्ही अन्यत्र खर्च होतात. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये शीतक मनोरे असलेल्या विद्यमान औष्णिक वीजकेंद्रांसाठी दर मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा म्हणजे प्रत्येक युनिटमागे साडेतीन लिटर पाणी. या दराने ५.७ युनिटांसाठी वीजकेंद्रावर सुमारे २० लिटर पाणी लागते. मोटारगाडीच्या बाष्प स्वच्छतेचा एकूण पाणीखर्च त्यामुळे २० लिटरवरून सुमारे ४० लिटरवर जातो. उघड्या नळीपेक्षा तो अजूनही पुष्कळ कमी आहे. बादली-फडक्याच्या मात्र जवळपास बरोबरीचा आहे.

याचा अर्थ बाष्प स्वच्छता निरुपयोगी आहे असा होत नाही. ज्या गावात टँकरने पाणी येते तेथे जागेवर वाचलेल्या लिटराचे मोल दूरच्या वीजकेंद्रावरील लिटरापेक्षा अधिक असू शकते. सौरऊर्जेने पाणी आधीच तापवून ते बाष्पकात सोडल्यास ऊर्जेचा भार काहीसा हलका होतो. तथापि २५ अंशांचे पाणी ६५ अंशांपर्यंत तापवून दिले तरी एकूण ऊर्जेत सुमारे साडेसहा टक्क्यांचीच बचत होते. मुख्य खर्च अप्रकट उष्म्याचा असतो.

## मुळशी तालुक्याचा संदर्भ

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे पाणी, वीज आणि स्वच्छता यांच्या परस्परसंबंधाचे बोलके उदाहरण आहे. तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. पश्चिमेकडील ताम्हिणी घाटाचा परिसर महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या भागांत गणला जातो; पूर्वेकडे पुणे शहराच्या दिशेने जाताना पाऊस झपाट्याने घटतो. मुळा आणि मुठा या दोन्ही नद्या याच तालुक्याच्या डोंगराळ भागातून येतात. मुठेवरील टेमघर धरण तालुक्यातच आहे आणि ते पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीचा भाग आहे.

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा वीज कंपनीने बांधलेल्या मुळशी धरणात तालुक्यातील कित्येक गावे व भातखाचरे गेली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. या लढ्यापासून बापट 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. धरणाचे पाणी बोगद्यातून व नळांतून पश्चिमेला सह्याद्रीखाली उतरवून रायगड जिल्ह्यातील भिरा येथे वीज तयार केली जाते. हे वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. तेथून पाणी कुंडलिका नदीत जाते. कोकणात त्याचा वापर होतो, मात्र भीमा खोऱ्यात ते परत येत नाही. हे पाणी पुणे परिसराच्या पिण्यासाठी मिळावे, अशी मागणी वारंवार होत आली आहे.

भिऱ्याला पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. एवढ्या उंचीवरून एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर पाणी पडल्यास, यंत्रांतील घट वजा जाता, सुमारे १.१५ युनिट वीज मिळते. पूर्वोक्त गाडीच्या धुलाईला लागणारी ५.७ युनिट वीज अशा जलविद्युत केंद्रातून घ्यायची झाल्यास सुमारे ५,००० लिटर पाणी घाट उतरून जावे लागेल. वीजजाळ्यात सर्व केंद्रांची वीज एकत्र मिसळत असल्याने कोणत्याही विशिष्ट यंत्राची वीज भिऱ्याची आहे असे म्हणता येत नाही. मात्र एक लिटर पाण्याची वाफ करण्यास किती मोठी ऊर्जा लागते, हे या मापाने नीट लक्षात येते. मुळशीचे पाणी शंभर वर्षे विजेत रूपांतरित होत आले आहे. बाष्पयंत्र ऊर्जा खर्चून पाणी वाचवते, म्हणजे उलट दिशेचा व्यवहार करते, आणि तोही बराच महाग दराने.

तालुक्याच्या पूर्व भागात व्यावसायिक स्वच्छतेची मागणी मोठी आहे. हिंजवडी व माण परिसरात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. पिरंगुट आणि उरवडे परिसरात कारखाने आहेत. लवळे येथे विद्यापीठाचे संकुल आहे, तर मुळशी जलाशयाच्या काठाने पर्यटकांची निवासस्थाने व शेतघरे उभी राहिली आहेत. कार्यालयांची उपाहारगृहे, कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, कारखान्यांतील वंगणाने माखलेली यंत्रे आणि हॉटेलांच्या गाद्या ही सर्व बाष्प स्वच्छतेची नेहमीची कार्यक्षेत्रे होत. या भागातील अनेक गृहसंकुले उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून असतात. अशा ठिकाणी गाड्या धुण्यावर निर्बंध आल्यास बादली किंवा वाफ हेच पर्याय उरतात. बंगळुरू येथे मार्च २०२४ मधील टंचाईत पिण्याचे पाणी वाहने धुण्यास वापरण्यावर बंदी घालून ५,००० रुपयांचा दंड ठेवण्यात आला होता.

सांडपाण्याच्या दृष्टीनेही हा विषय तालुक्याशी निगडित आहे. रस्त्याकडेच्या धुलाई केंद्रांतून निघणारे तेल, ग्रीस व साबण मिसळलेले पाणी प्रक्रिया न करता सोडल्यास ओढ्यांवाटे मुळा व मुठा नद्यांत पोहोचते. वाफेच्या पद्धतीत हाच मळ मुख्यतः फडक्यात उतरतो. फडकी एका ठिकाणी धुऊन त्या थोड्या पाण्यातील तेल वेगळे करणे हे शेकडो लिटर वाहत्या पाण्यातील तेल वेगळे करण्यापेक्षा सोपे असते. हा फायदा मिळण्याची अट अर्थातच अशी, की फडकी ओढ्याच्या काठी धुतली जाऊ नयेत.

## उपयोग

* स्वयंपाकघरे : धूर ओढणाऱ्या चिमण्या, भट्ट्या व जाळ्यांवरील तेलाचा थर वाफेने मऊ होतो. तूप व वनस्पती तूप ४० अंशांच्या आसपास वितळत असल्याने येथे परिणाम लवकर दिसतो.
* अन्नप्रक्रिया व दुग्धव्यवसाय : पट्टे, साचे, झडपा व कॅन यांची स्वच्छता. उरलेल्या रसायनाचा धोका कमी राहतो. पीठ, मसाले यांसारख्या कोरड्या पदार्थांच्या कारखान्यांत जमीन ओली न होणे हाच मोठा लाभ असतो, कारण ओलाव्याने बुरशी वाढते.
* वाहने : आसने, चटया, दारांच्या फटी, चाके व बाहेरील पत्रा.
* रुग्णालये : खाटा, चाकाच्या खुर्च्या, स्नानगृहे. ठरवून दिलेल्या जंतुनाशक प्रक्रियेला पूरक म्हणून.
* निवासी हॉटेले : गाद्या, पडदे व गालिचे, ढेकूण व त्यांची अंडी उष्णतेने मरतात.

रेल्वेसारख्या मोठ्या यंत्रणेने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. स्वयंचलित डबा-धुलाई केंद्रांत पाण्याचा वापर होतोच. परंतु ते गोळा करून, शुद्ध करून पुन्हा वापरले जाते. एकाच ठिकाणी सतत मोठे काम असेल तर पुनर्वापर आणि विखुरलेले लहान काम असेल तर वाफ, अशी ढोबळ विभागणी करता येते.

## मर्यादा

चिखलाचा जाड थर काढण्यास वाफ अपुरी पडते. पावसाळ्यात भातखाचरांतून आलेला ट्रॅक्टर वाफेने धुण्याचा प्रयत्न केल्यास इंधन व वेळ दोन्ही वाया जातात. तेथे खरवडणे व पाणी हाच उपाय आहे. वाळूचे कण न धुता वाफ मारून फडके फिरवल्यास गाडीच्या रंगावर ओरखडे उमटतात. अंडी, दूध यांसारखी प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन अधिक चिकटतात, म्हणून ती आधी थंड किंवा कोमट पाण्याने काढतात. मेण लावलेले लाकूड, सैल झालेला रंग, तडा गेलेली काच, वाहनांतील विद्युत जोडण्या आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंती यांवर वाफ वापरू नये किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावी.

बंद खोलीत वाफ साचून भिंतींना ओल येते, म्हणून वायुवीजन आवश्यक असते. यंत्राची किंमत साध्या उच्चदाब पंपापेक्षा बरीच अधिक असते आणि कामाला वेळही अधिक लागतो. जेथे पाणी जवळजवळ फुकट मिळते तेथे ही पद्धत व्यावसायिकाला परवडत नाही. तिचा प्रसार त्यामुळे यंत्राच्या गुणाइतकाच पाण्याच्या दरावर अवलंबून राहतो.

## सुरक्षितता आणि कायदे

वाफेने होणारी भाजणी गंभीर असते. तोटीजवळची वाफ रंगहीन असल्याने डोळ्यांना दिसत नाही. पांढरा दिसणारा भाग म्हणजे थंड झालेले थेंब असतात. कामगारांना उष्णतारोधक हातमोजे, चश्मा, बंद बूट आणि संपूर्ण अंग झाकणारे कपडे देणे आवश्यक आहे. झोत माणसाच्या किंवा प्राण्याच्या दिशेने धरू नये, नळी काढण्यापूर्वी दाब शून्यावर आणावा, सुरक्षा झडप कधीही बांधून किंवा बंद करून ठेवू नये. डिझेल व एलपीजीची यंत्रे बंद जागेत चालवू नयेत. विद्युत यंत्रांना भूसंपर्क (अर्थिंग) आणि गळती ओळखून वीज तोडणारी कळ असावी.

भारतात बाष्पकांचे नियमन बॉयलर अधिनियम, १९२३ नुसार होत असे. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. जुन्या अधिनियमाच्या सुधारित व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी धारणक्षमतेची पात्रे वगळलेली होती. अनेक फिरती बाष्पयंत्रे या मर्यादेच्या आत बसतील अशी बनवलेली असतात. नोंदणीतून सूट मिळाली तरी दाबाचा धोका कमी होत नाही. महाराष्ट्रात या विषयाची जबाबदारी बाष्पके संचालनालयाकडे आहे. सांडपाण्याबाबत जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ लागू होतो आणि त्याची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते.

## हे सुद्धा पहा

* अप्रकट उष्मा
* बाष्पक
* जड पाणी
* मुळशी धरण
* मुळशी सत्याग्रह
* भिरा जलविद्युत केंद्र
* जल जीवन मिशन